चित्रं वगळून ॲलस्डेअर ग्रे वाचता येईल?

‘पुअर थिंग्ज’ या चित्रपटाला २०२३ साली व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला, पुढच्या मार्चमध्ये चार ऑस्कर मिळाले, आणि तो ज्या कादंबरीवर बेतला आहे तिच्या लेखकाबद्दल, ॲलस्डेअर ग्रेबद्दल, एक वाद पेटला. कादंबरी ग्लासगोची. चित्रपटाने तिचं बिऱ्हाड लंडनला हलवलं आणि स्कॉटलंडची खूण म्हणून त्यातल्या शल्यविशारद गॉडविन बॅक्स्टरच्या तोंडी तेवढा स्कॉटिश हेल ठेवला. एक बाजू म्हणते, हा ग्रेच्या शहराचा अपमान आहे. दुसरी म्हणते, चित्रपट ही स्वतंत्र कलाकृती, गावाचं काय घेऊन बसलात? दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात, आणि ‘पुअर थिंग्ज’ म्हणजे एक कथानक, त्याला एक स्थळ, आणि भांडण त्या स्थळाचं, हे दोन्हीकडे धरूनच चाललेलं असतं. वाद भरकटला आहे तो इथेच.

ग्रेने हे पुस्तक नुसतं लिहिलं नाही. त्यातली चित्रं त्याची, मुखपृष्ठ त्याचं, पानांची मांडणी त्याची. शुद्धिपत्रसुद्धा त्यानेच रचलेलं. त्यातून कथानक तेवढं सोलून काढलं, की ग्लासगो राहिलं काय नि गेलं काय, पुस्तकाचा निम्मा अर्थ आधीच निघून गेलेला असतो. माझं म्हणणं असं की ग्रे हा चित्रंही काढणारा लेखक नव्हता. रेघ, अक्षर, समास आणि वाक्य ही त्याच्या हातात एकाच कामाची अवजारं होती. ‘बहुआयामी प्रतिभा’ असं म्हणून त्याचं कौतुक करणारे खरं तर त्याला लहान करतात, कारण त्या कौतुकात लेखन हे मुख्य काम ठरतं आणि बाकी सगळी सजावट.

हे समजायला त्याच्या आयुष्याचा क्रम पाहावा लागतो. १९३४ च्या डिसेंबरात ग्लासगोच्या पूर्वेकडच्या रिड्री वस्तीत, कामगाराच्या घरी जन्म. १९५२ ते १९५७ ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, तेही भित्तिचित्रांचं. विद्यार्थी असतानाच लिहायला घेतलेली ‘लॅनार्क’ ही पहिली कादंबरी एडिंबरोच्या कॅननगेट प्रकाशनाकडून बाहेर पडायला १९८१ उजाडलं. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. तोवरची पंचवीसेक वर्षं तो चित्रंच काढत होता. १९७७ साली शहराच्या पीपल्स पॅलेस संग्रहालयात एल्स्पेथ किंग यांनी त्याला ग्लासगोची नोंद करणारा चित्रकार म्हणून कामावर घेतलं. शहरातले रस्ते आणि साधी माणसं, त्यांच्या खोल्यांसकट, त्याने तेव्हा कागदावर उतरवली. म्हणजे लेखक झाल्यावर कुंचला हाती घेतलेला हा माणूस नाही. भिंती रंगवणारा माणूस पुस्तकाकडे आला, आणि पुस्तकाचं पानही त्याने भिंतीसारखंच वापरलं: त्याचा कुठलाही कोपरा आपल्याला वर्ज्य नाही असं समजून.

‘लॅनार्क’चेच खंड पाहा. पहिल्यांदा तिसरा खंड येतो, मग पहिला, मग दुसरा, शेवटी चौथा. नांदी तिसऱ्या खंडानंतर. उपसंहार पुस्तक संपायच्या चार प्रकरणं आधी. त्या उपसंहारात नायकाला त्याचा लेखकच भेटतो, आणि समासात एक सूची चालू असते: कुठल्या लेखकाकडून आपण काय ढापलं त्याची, चोरीचे प्रकार पाडून केलेली. त्या सूचीत अशाही प्रकरणांचे उल्लेख आहेत जी पुस्तकात नाहीतच. प्रत्येक खंडाला ग्रेने काढलेलं शीर्षकपृष्ठ आहे. चौथ्या खंडाचं चित्र त्याने राज्यसंस्थेचा विचार करणाऱ्या हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाच्या १६५१ सालच्या ‘लेव्हायथन’च्या प्रसिद्ध शीर्षकपृष्ठावरून रचलं आहे, म्हणजे असंख्य माणसांचा मिळून झालेला तो महाकाय राजपुरुष. कादंबरीत एक अवाढव्य संस्था आहे, जी माणसांना गिळून स्वतः चालते. हे वाचकाला बऱ्याच पानांनंतर शब्दांत कळतं. चित्राने ते उंबरठ्यावरच सांगून ठेवलेलं असतं. ह्या चित्राला सजावट म्हणायचं?

आता ‘पुअर थिंग्ज’. १९९२ साली आलेल्या या पुस्तकाला त्या वर्षीचे व्हिटब्रेड आणि गार्डियन हे दोन्ही कादंबरी पुरस्कार मिळाले. मुखपृष्ठावर ग्रे लेखक आहे, पण आतल्या पानावर तो नुसता संपादक होतो. पुस्तकाचा दावा असा: आर्चिबाल्ड मॅककँडलेस नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरच्या आठवणींचं दुर्मीळ पुस्तक सापडलं, ते संपादून छापलं आहे. बुडून मेलेल्या एका गर्भवती बाईच्या शरीरात तिच्याच अर्भकाचा मेंदू बसवून गॉडविन बॅक्स्टरने तिला जिवंत केलं, ती बेला, आणि ती माझी बायको झाली, असं हा डॉक्टर सांगतो. त्याचं सांगणं संपलं की त्या बायकोचं पत्र येतं. ती व्हिक्टोरिया या आपल्या खऱ्या नावाने लिहिते की नवऱ्याने लिहिलेलं सगळं खोटं आहे. मी धडधाकट जन्मलेली बाई आहे, स्वतःच्या कष्टाने डॉक्टर झाले. त्यानंतर संपादक ग्रे तळटिपांसारख्या लांबलचक ऐतिहासिक टिपा जोडतो आणि तिलाच खोडून काढायला बघतो. कोणाचं खरं मानायचं?

या सगळ्या डोलाऱ्याला चित्रांचा टेकू आहे. आतली व्यक्तिचित्रं विल्यम स्ट्रँग याची आहेत असं पुस्तक सांगतं. स्ट्रँग हा खराखुरा स्कॉटिश कोरीवचित्रकार होता, १९२१ साली वारला. चित्रं अर्थातच ग्रेची. एक शुद्धिपत्र आहे: अमुक पानावरचं चित्र प्रोफेसर शार्को यांचं नसून काउंट रोबेर द माँतेस्क्यू यांचं आहे. चूक सुधारण्याच्या आविर्भावात लेखक खोटं आणखी पक्कं करतो, कारण जे पुस्तक इतकी बारीक चूक कबूल करतं त्याच्यावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो. छापील पुस्तकावर आपला विश्वास बसतो तो त्यातल्या वाक्यांमुळे कमी आणि टिपा, नकाशे, चित्रं, शुद्धिपत्रं यांच्यामुळे जास्त. ग्रेने नेमकी ती विश्वासाची यंत्रणाच आपल्या हाताने बनावट उभी केली. एका बाईचं आयुष्य पुरुष लिहितात, पुरुष रेखाटतात, पुरुषच संपादित करतात आणि त्यालाच इतिहास म्हणतात, हे त्याला दाखवायचं होतं. केवळ वाक्यांच्या जोरावर हे दाखवता आलं असतं असं मला वाटत नाही.

त्यातच अलेक्झांड्रियाचं प्रकरण आहे. हॉटेलच्या व्हरांड्यात बसलेले सुखवस्तू पाहुणे, खाली भिकाऱ्यांची गर्दी, त्यांत आंधळं बाळ कडेवर घेतलेली एक लहान मुलगी. बेला हे आयुष्यात पहिल्यांदा पाहते आणि कोलमडते. तोवर तिची पत्रं नीट छापलेल्या अक्षरांत चालली होती. इथे छपाई थांबते आणि पानंच्या पानं तिच्या हस्ताक्षरातल्या वेड्यावाकड्या फराट्यांनी भरून जातात. रेघा तिरक्या जातात, अक्षरं फुगतात, एकमेकांवर चढतात. शब्द लावता लावता वाचक तिच्याबरोबर अडखळतो. ‘ती हादरून गेली’ असं कुठल्याही लेखकाला लिहिता येतं. ही पानं मात्र कुणाला तरी हाताने काढावी लागतात, आणि कुठल्या ठिकाणी छापील अक्षर सोडायचं हे आधी कळावं लागतं. तो निर्णय लेखकाचा म्हणायचा की मांडणीकाराचा?

ग्लासगोवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते झटकून टाकता येत नाही. ‘लॅनार्क’मध्ये एक प्रसंग आहे. मित्र म्हणतो की ग्लासगो भव्य शहर आहे, मग ते आपल्या लक्षात का येत नाही? चित्रकार व्हायला निघालेला डंकन थॉ उत्तर देतो: कारण इथे राहण्याची कल्पनाच कुणी करत नाही. फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन ही शहरं आपण तिथे न जाताही चित्रांतून, कादंबऱ्यांतून, इतिहासातून ओळखतो, आणि ज्या शहराला कलावंताचा हात लागलेला नाही तिथले रहिवासीसुद्धा कल्पनेत तिथे राहत नाहीत. ग्रेचं सगळं आयुष्य या एका उणिवेची भरपाई करण्यात गेलं. अशा माणसाची गोष्ट उचलून थेट लंडनलाच नेणं यात कुठेतरी बोचणारं काही आहे, हे मी मान्य करतो. पण मग हेही विचारायला हवं की ती भरपाई त्याने केली कशी? हाताने काढून केली. बेलाचं एक पानभर व्यक्तिचित्र या पुस्तकात आहे. मोठी टोपी घातलेली, मागे निसर्ग, बसण्याची ढब लिओनार्दोच्या त्या जगप्रसिद्ध बाईची. खाली नाव ‘बेला कॅलेडोनिया’. कॅलेडोनिया म्हणजे स्कॉटलंड. पुरुषांनी घडवलेली, दुसऱ्याची बुद्धी डोक्यात बसवलेली, आणि तरी आपल्या पायांवर उभी राहू पाहणारी ही बाई म्हणजे एक देश आहे, ही या कादंबरीतली सगळ्यांत मोठी राजकीय गोष्ट. ती सगळ्यांत उघडपणे सांगितली आहे एका चित्रात आणि त्याच्या नावात. पुढे स्कॉटलंडमधल्या एका राजकीय नियतकालिकाने हेच नाव घेतलं. ग्लासगो हरवलं म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी या पानाचा उल्लेख केला?

दुसऱ्या बाजूचंही खरं आहे. माध्यम बदललं की कलाकृती बदलते. ग्रेने स्वतः दिग्दर्शक योर्गोस लँथिमोसला ग्लासगोत हिंडवून दाखवलं होतं. त्याच्या मनात चित्रपटाबद्दल आकस नव्हता. चित्रपटाने दृश्यांची जी स्वतंत्र, बेफाम दुनिया उभी केली तिचं श्रेय द्यायलाच हवं. चारपैकी तीन ऑस्कर कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि रंगभूषा यांनाच आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटातून व्हिक्टोरियाचं पत्र गेलं. एका पुरुषाने सांगितलेली अचाट कहाणी सत्य म्हणून पडद्यावर उरली, आणि तिला ‘हे खोटं आहे’ म्हणणारी बाई कापली गेली. ग्लासगो-लंडनच्या गदारोळात हा केवढा मोठा फरक झाकला गेला! कथानकालाच पुस्तक समजण्याची ही किंमत आहे.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेपाकडे येतो. तो असा: खरं साहित्य मजकुरात असतं. शब्द टिकतात, कागद बदलतो. मोठ्या लेखकाला चित्रांचा आधार लागू नये. यासाठी नेहमी विल्यम ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराचं उदाहरण देतात. त्याने १७९४ सालचा ‘साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्स्पीरियन्स’ हा संग्रह स्वतः तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं आणि चित्रं एकत्र कोरून छापला, रंगवला. पुढे त्याच्या कविता शाळेच्या पुस्तकांत नुसत्या छापल्या गेल्या आणि तरी अजरामर झाल्या. मग चित्रं गेली म्हणून काय बिघडलं?

बिघडलं ते त्याच उदाहरणात दिसतं. त्या संग्रहातली वाघावरची कविता नुसती वाचली तर अंधारात पेटलेलं, छाती दडपून टाकणारं जनावर दिसतं. ब्लेकच्या पत्र्यावर त्याच ओळींखाली जो वाघ उभा आहे तो मात्र अगदी निरुपद्रवी, जवळजवळ खेळण्यातला. कविता विचारते, तुला घडवणारा कोण? आणि खाली हा गरीब प्राणी. भीती वाघात आहे की विचारणाऱ्याच्या डोळ्यांत? हा प्रश्न ब्लेकने उभा केला होता. शाळेच्या पुस्तकाने तो पुसून टाकला, आणि कविता तरीही थोर राहिली, हे खरं. पण थोर राहिलेली कविता ब्लेकने केलेली पूर्ण कविता नव्हती. मजकूर चित्राविना जगतो हे कबूल. तो तोच मजकूर राहतो हे कबूल नाही.

आपल्या मुंबईशी जोडलेलं आणखी एक उदाहरण आहे. १८५८ साली हेन्री ग्रे या शल्यविशारदाचं शरीररचनेवरचं जाडजूड पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्याला जग आजही ‘ग्रेज ॲनाटॉमी’ म्हणतं. त्यातली चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टरची. त्याआधीच्या पुस्तकांत चित्राशेजारी बारीक आकडे असायचे आणि नावं दुसरीकडे शोधावी लागायची. कार्टरच्या चित्रांत हाडाचं नाव हाडावर, शिरेचं नाव शिरेलगत. विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या त्या या युक्तीवर. कार्टरला एकरकमी दीडशे पौंड मिळाले, विक्रीतला वाटा नाही, आणि शीर्षकपृष्ठाच्या मुद्रितावर खुद्द हेन्री ग्रेने त्याचं नाव लहान टंकात करायला लावलं. कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली, आणि कुष्ठरोगावर वर्षानुवर्षं काम केलं. पुस्तक मात्र ‘ग्रे’चंच राहिलं. ॲलस्डेअर ग्रेने ‘पुअर थिंग्ज’मध्ये याच पुस्तकातली हाडामांसाची चित्रं वापरली आहेत. मजकूर म्हणजे पुस्तक आणि चित्र म्हणजे जोड, ही समजूत कुणाचं नाव पुसते हे कार्टरच्या बाबतीत दीडशेहून अधिक वर्षं दिसतं आहे.

ही सगळी नुसती करामत आहे, असाही एक आक्षेप घेतात. तो मात्र मी पूर्ण फेटाळत नाही. ग्रेचं सगळंच साधलेलं नाही. इंग्रजी प्रस्तावनांचा इतिहास सांगणारं ‘द बुक ऑफ प्रिफेसेस’ हे २००० सालचं पुस्तक दिसायला देखणं आहे, पण समासातल्या टिपांची दाटी वाचताना डोळे थकतात आणि धागा सुटतो. ‘हे पत्रक चुकून घालण्यात आले आहे’ एवढंच छापलेलं शुद्धिपत्र त्याने १९८३ च्या कथासंग्रहात घातलं. ती गंमत एकदाच लागते. पण ‘१९८२, जॅनीन’ या १९८४ च्या कादंबरीला कोण करामत म्हणेल? जॉक मॅकलीश हा धोक्याच्या घंटा बसवणाऱ्या कंपनीतला पर्यवेक्षक एका लहान गावातल्या हॉटेलात रात्रभर पितो आणि अकराव्या प्रकरणात गोळ्या गिळतो. पानाचे उभे रकाने पडतात. एका रकान्यात शरीराचा ताप, दुसऱ्यात वासनेचे झटके, कडेला आडव्या बारीक टंकात बोलणारा देव. पुस्तक फिरवून, उलटं धरून वाचावं लागतं. नंतर त्याला उलटी होते, तो बचावतो, आणि झोपेसाठी कोरी पानं येतात. मरणाच्या काठावर मन एका ओळीत विचार करत नाही, मग पानाने तरी का करावा? या प्रकरणाची सरळ ओळीतली आवृत्ती काढून बघा, जे उरेल त्याला मी अर्धवट प्रत म्हणेन.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. सजवलेली पुस्तकं श्रीमंतांची चैन, असं म्हणणाऱ्यांकडे विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखक-कारागिराचा दाखला तयार असतो. तो समाजवादी, पण त्याच्या केल्मस्कॉट छापखान्याने १८९६ साली काढलेल्या, चॉसर या जुन्या इंग्रज कवीच्या ग्रंथाच्या कागदी प्रतीची किंमत वीस पौंड, म्हणजे ज्या कामगारांसाठी तो बोलला त्यांच्या आवाक्याबाहेरची. ग्रेही समाजवादी होता, पण त्याने वेगळी वाट काढली. त्याची पुस्तकातली चित्रं काळ्या शाईच्या ठाम, बंद रेघांची आहेत, छटा जवळपास नाहीतच. अशी रेघ साध्या कागदावर, स्वस्त कागदी बांधणीतही स्वच्छ उमटते. एका अडचणीला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दृष्टिहीन वाचक ऐकून वाचतो, त्याच्यापर्यंत ते फराटे आणि ते रकाने कसे पोचवायचे? चांगला वाचक-नट आणि चित्रांचं नेमकं वर्णन यांनी काही भरून निघेल, सगळं नाही. पण यावरून चित्रं अनावश्यक ठरतात असं म्हणणं म्हणजे त्या वाचकाला आपण काही देणं लागतो हेच नाकारणं आहे.

ग्रेने पुस्तकाच्या बांधणीवर एवढा जीव का टाकला, याचं एक कारण मला त्याच्या भिंतींमध्ये दिसतं. १९५९ पासून चार वर्षं खपून त्याने ब्रिजटनमधल्या ग्रीनहेड चर्चमध्ये सृष्टीच्या निर्मितीचं भित्तिचित्र काढलं. पुढे ती इमारतच पाडली. ‘लॅनार्क’मधला थॉ असंच एका चर्चचं छत रंगवताना मोडून पडतो. उतारवयात ग्लासगोने त्याला मोठ्या भिंती दिल्या: ओरन मोर या जुन्या चर्चचं निळं, नक्षत्रांनी भरलेलं छत, २०१२ साली हिलहेड भुयारी स्थानकातली लांबच लांब फरशीची भिंत. पण मधल्या काळात त्याची पडू न शकणारी भिंत होती ती पुस्तकाचं पान. हजारो प्रतींत छापलेलं चित्र कुठलीही नगरपालिका जमीनदोस्त करू शकत नाही.

आणि त्या सजावटीने काय केलं तेही पाहा. अधिक चांगल्या राष्ट्राचे सुरुवातीचे दिवस असल्यासारखं काम करा, या अर्थाची एक ओळ ग्रेने कॅनेडियन कवी डेनिस ली याच्या कवितेवरून बेतली आणि ऋण मान्य करून आपल्या पुस्तकांवर मिरवली. ती कुठल्या पात्राच्या तोंडी नाही, कुठल्या कथेचा भाग नाही. ती आली पुस्तकाच्या सजावटीत. आज ती एडिंबरोला स्कॉटिश संसदेच्या बाहेरच्या भिंतीत दगडात कोरलेली आहे, आणि जी माणसं ती तोंडपाठ म्हणतात त्यांतल्या अनेकांनी ग्रेची एकही कादंबरी वाचलेली नाही. चित्रपट पाहून कुणी ‘पुअर थिंग्ज’ हाती घेणार असेल तर माझी एवढीच विनंती: व्यक्तिचित्रं, हस्ताक्षराची पानं, व्हिक्टोरियाचं पत्र आणि शेवटच्या टिपा ज्यात शाबूत आहेत अशी छापील प्रत घ्या, आणि टिपा आल्या म्हणून पुस्तक मिटू नका.